गुळगुळीत वक्र : गणितात व व्यवहारात

ज्या वक्राच्या प्रत्येक बिंदूपाशी एक निश्चित स्पर्शरेषा असते आणि वक्रावरून पुढे जाताना त्या स्पर्शरेषेची दिशा कोठेही एकदम न बदलता अखंडपणे बदलत जाते, त्या वक्राला गुळगुळीत वक्र म्हणतात. वर्तुळ, विवृत्त व अन्वस्त हे या अर्थाने गुळगुळीत वक्र होत. चौरसाची सीमारेषा तशी नाही; कारण तिच्या चारही कोपऱ्यांपाशी दिशा एकदम काटकोनातून वळते. ही झाली किमान अट. दिशा अखंड असण्याबरोबरच वक्रता, म्हणजे वक्राच्या लांबीगणिक दिशा बदलण्याचा दर, अखंड असावी, त्या वक्रतेच्या बदलाचा दरही अखंड असावा, अशा अधिकाधिक कडक अटी घालता येतात. म्हणून गुळगुळीतपणा हा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारा गुण नसून त्याला पायऱ्या आहेत. कोणती पायरी पुरेशी मानायची हे वक्राच्या उपयोगावर ठरते. डोळ्याला सहज उमगते ती बहुधा पहिलीच पायरी होय. वरच्या पायऱ्यांवरील दोष डोळ्याला न दिसता वाहनाला, यंत्राला किंवा गणिताच्या कोष्टकाला जाणवतात.

व्यवहारातील अर्थ : मराठीत गुळगुळीत हा मुळात स्पर्शाचा शब्द आहे. नदीतला गोटा किंवा घोटलेली फरशी गुळगुळीत असते, कारण तिच्यावर हात फिरवला असता खरखर लागत नाही. रेषेच्या बाबतीत बोलीत वळणदार, बाकदार, सफाईदार असे शब्द योजतात. गणितातील अर्थ या दुसऱ्या गटाच्या जवळचा आहे. जालना जिल्ह्यात या दोन्ही अर्थांची बोलकी उदाहरणे मिळतात.

या जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). त्यांच्या दासबोध या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ओळी सारख्या असाव्यात आणि ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर व शेवटचे अक्षर एकाच लेखणीने एका हाती लिहिल्यासारखे वाटावे, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. हस्तलिखितांच्या काळात ही केवळ हौस नव्हती. अक्षराच्या गोलाईत खंड पडला, तर वाचणारा अडखळे व नकलेत चुका शिरत. वळण सारखे असावे ही अपेक्षा गणिताच्या भाषेत वक्रतेविषयीची अपेक्षा आहे.

दुसरे उदाहरण पोलादाचे. जालना शहर बांधकामाच्या लोखंडी सळया तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. बाजारात गुळगुळीत सळई व कंगोरेदार सळई असा भेद करतात, तो पृष्ठभागावरून. काँक्रीटची पकड चांगली बसावी म्हणून कंगोरे मुद्दाम ठेवलेले असतात. परंतु सळई वाकवताना दुसऱ्या प्रकारचा गुळगुळीतपणा महत्त्वाचा ठरतो. १२ मिमी. व्यासाची सळई ४८ मिमी. व्यासाच्या खुंटीभोवती वाकवली, तर बाकाच्या बाहेरील बाजूचे पोलाद सु. एक-पंचमांशाने ताणले जाते. खुंटी केवळ १२ मिमी. व्यासाची घेतली, तर हाच ताण निम्म्यापर्यंत जातो व तडा जाण्याचा धोका वाढतो. बाक जितका आखूड तितकी वक्रता अधिक, आणि अगदी टोकदार कोपरा म्हणजे शून्य त्रिज्येचा बाक. म्हणून सळईच्या परीक्षेत ती ठरावीक व्यासाच्या दांड्याभोवती वाकवून बाहेरच्या अंगाला तडा दिसतो का ते पाहतात. पृष्ठभागाने खरबरीत असलेली सळई अशा रीतीने आकाराने गुळगुळीत राहावी लागते.

गणितातील व्याख्या : समतलातील वक्र हा एका फिरत्या बिंदूचा मार्ग मानला, तर प्रत्येक क्षणी त्या बिंदूचे दोन निर्देशक मिळतात. हे निर्देशक काळाची अखंड फलने असतील, तर वक्र तुटक नसतो. त्यांचे पहिले अवकलज अस्तित्वात असून अखंड असतील आणि ते दोन्ही एकाच वेळी शून्य होत नसतील, तर वक्र गुळगुळीत असतो. यांतील शेवटची अट वरवर पाहता अनावश्यक वाटते. पण ती सोडता येत नाही. सपाट रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीच्या चाकाच्या धावेवर खडूने एक खूण केली, तर ती खूण चक्रज नावाच्या वक्रावरून फिरते. खुणेची गती सर्व काळ अगदी सुरळीत असते. तरीही ती ज्या क्षणी जमिनीला टेकते त्या क्षणी तिचा वेग शून्य होतो आणि मार्गात वर वळणारे टोक निर्माण होते. गती सुरळीत असली म्हणजे मार्गही गुळगुळीत असतोच असे नाही; दिशा बदलण्यासाठी बिंदू क्षणभर थांबला, तर कोपरा गतीच्या वर्णनात लपून राहू शकतो. क्ष = ट², य = ट³ या समीकरणांनी दिलेल्या वक्राला आरंभबिंदूपाशी असेच टोक असते.

गुळगुळीतपणाची आणखी एक कसोटी विवर्धनाची होय. गुळगुळीत वक्राचा लहान तुकडा भिंगातून अधिकाधिक मोठा करून पाहिला, तर तो सरळ रेषेसारखा दिसू लागतो. कोपरा मात्र कितीही मोठा केला तरी कोपराच राहतो.

अवकलजांच्या मोजणीवरून पायऱ्या ठरतात. पहिला अवकलज अखंड असल्यास दिशा अखंड राहते, दुसराही अखंड असल्यास वक्रता अखंड राहते. सर्वच अवकलज अस्तित्वात असतील, तर त्या फलनाला अनंत अवकलनक्षम म्हणतात. उच्च गणितात पुष्कळदा याच कडक अर्थाने गुळगुळीत हा शब्द वापरतात. सरळ रेषेला वर्तुळाचा कंस स्पर्शरेषेच्या दिशेने जोडला, तर होणारा वक्र पहिल्या पायरीवर गुळगुळीत व दुसऱ्या पायरीवर तुटलेला असतो. सांध्यापाशी दिशा तीच राहते. पण वक्रता शून्यावरून एकदम त्रिज्येच्या व्यस्ताइतकी होते.

भारतीय परंपरा : वक्राची व्याख्या करण्याचा प्रश्न भारतीय ज्योतिर्विदांनी या स्वरूपात मांडला नाही, परंतु अखंड बदलणारी राशी तुटक आकड्यांनी कशी दाखवावी हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. आर्यभटांनी ४९९ मध्ये वृत्तपादाचे २४ भाग करून ज्यांचे फरक दिले. ते २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१० असे सावकाश उतरत शेवटी ७ वर येतात. या फरकांचे फरक १, २, ३, ४, ५ असे क्रमाने वाढतात. एखादा आकडा चुकला, तर मूळ कोष्टकात ते कदाचित लक्षात येणार नाही; फरकांच्या फरकांत मात्र लगेच उमटते. दोन आकड्यांमधील ज्या त्रैराशिकाने काढली, तर गोलाईच्या जागी सरळ तुकड्यांची साखळी येते व प्रत्येक आकड्यापाशी कोपरा राहतो. ब्रह्मगुप्तांनी खंडखाद्यक (६६५) या ग्रंथात ३९, ३६, ३१, २४, १५ व ५ एवढ्या सहाच फरकांच्या कोष्टकासाठी दुसऱ्या फरकांचा उपयोग करणारी अंतर्वेशनाची रीत दिली. तिने हे कोपरे नाहीसे होत नसले, तरी फारच बोथट होतात.

भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी सिद्धांतशिरोमणी (११५०) या ग्रंथात एक पाऊल पुढे टाकले. ग्रहाची आजची व उद्याची स्थिती यांतील फरकाला त्यांनी स्थूल गती मानले आणि क्षणोक्षणी पालटणाऱ्या चंद्राच्या गतीसाठी तात्कालिक गती घ्यावी असे सांगितले. ज्येचा तात्कालिक फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हा नियम त्यांनी त्यासाठी वापरला. प्रत्येक क्षणाला स्वतःची एक निश्चित गती असते, ही कल्पना स्पर्शरेषेच्या कल्पनेशी समांतर आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा शिलालेख जालना जिल्ह्याच्या वायव्येस खानदेशात पाटण (चाळीसगाव तालुका) येथे आहे. जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा असलेल्या गोदावरीच्या खोऱ्यातही ही विद्या जोपासली गेली. नदीच्या उत्तर तीरावरील गोलग्रामच्या दैवज्ञ घराण्यातील कमलाकर यांनी काशी येथे १६५८ मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धांततत्त्वविवेक या ग्रंथात ६० त्रिज्या घेऊन प्रत्येक अंशाची ज्या दिली आहे. कोष्टकाचे टप्पे लहान केल्याने साखळी वर्तुळाला अधिक चिकटते.

पाश्चात्य विकास : ग्रीक भूमितीत स्पर्शरेषा म्हणजे वक्राला टेकणारी पण न छेदणारी रेषा असे मानत. सतराव्या शतकात न्यूटन व लायप्निट्स यांच्या कलनशास्त्रामुळे स्पर्शरेषा व वक्रता या दोहोंचे गणन शक्य झाले. ऑयलर यांच्या १७४८ च्या ग्रंथात अखंड वक्र याचा अर्थ एकाच सूत्राने दिलेला वक्र असा होता. दोन सूत्रांनी जोडलेला वक्र त्यांच्या मते मिश्र ठरे. हा अर्थ पुढे टिकला नाही. कोशी यांनी १८२० नंतरच्या दशकात अखंडत्व व अवकलज यांच्या व्याख्या सीमेच्या कल्पनेवर उभारल्या. सर्व अवकलज आरंभबिंदूपाशी शून्य असूनही जे स्वतः शून्य नाही, असे फलनही त्यांनी दाखवले. अशा फलनांच्या साहाय्याने सरळ रेषेतून वळणात कोणत्याही पायरीवर न तुटता शिरणारा वक्र रचता येतो.

अखंड वक्राला काही थोडे बिंदू सोडता सर्वत्र स्पर्शरेषा असणारच, असे त्या काळी बहुतेक गणितज्ञांना वाटे. बोल्ट्सानो यांनी १८३० च्या सुमारास याविरुद्ध उदाहरण रचले होते, पण ते अप्रकाशित राहिले. व्हायरश्ट्रास यांनी १८७२ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे सर्वत्र अखंड परंतु कोठेही अवकलनक्षम नसलेले फलन मांडले. स्वीडनचे फोन कॉख यांनी १९०४ मध्ये अशा प्रकारचा वक्र केवळ भूमितीने काढून दाखवला. त्याचा कोणताही तुकडा कितीही मोठा केला तरी त्यात नवे कोपरे दिसत राहतात. भारतात लखनौ विद्यापीठातील अवधेश नारायण सिंह यांनी अनवकलनक्षम फलनांवर १९३५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. विभूतिभूषण दत्त यांच्यासह हिंदू गणिताचा इतिहास लिहिणारे सिंह ते हेच. या संशोधनाने हे स्पष्ट झाले, की हाताने काढलेल्या रेषेवरून बांधलेला अंदाज हा पुरावा होऊ शकत नाही आणि गुळगुळीतपणा गृहीत न धरता प्रत्येक वेळी तपासावा लागतो.

रूळमार्ग : ही तपासणी जीविताच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते ती रूळमार्गाच्या वळणावर. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील हैदराबाद–मनमाड हा मीटरमापी मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्यावरील बदनापूर, जालना, रांजणी व परतूर ही स्थानके आज जालना जिल्ह्यात आहेत. (हा जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील तालुके व परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून झाला.) १९९० नंतरच्या दशकात या भागाचे रुंदमापीत रूपांतर झाले व दोन रुळांतील अंतर १ मी. वरून १.६७६ मी. झाले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली व २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. रुळांतील अंतर व गाड्यांचा वेग वाढला, की वळणाच्या गणितात फरक पडतो.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस रेटली जाते. म्हणून बाहेरील रूळ आतील रुळापेक्षा उंच ठेवतात. वेग ताशी किमी. मध्ये, त्रिज्या मी. मध्ये व रुळांच्या माथ्यांच्या मध्यांतील अंतर मिमी. मध्ये घेतले, तर त्या अंतराला वेगाच्या वर्गाने गुणून त्रिज्येच्या १२७ पटीने भागले असता ही उंची मिमी. मध्ये मिळते. रुंदमापी मार्गावर हे अंतर सु. १,७५० मिमी. असते. भारतीय रेल्वेत ३०.५ मी. लांबीचा कंस केंद्रापाशी एक अंशाचा कोन करत असेल, तर त्या वळणाला एक अंशाचे वळण म्हणतात व त्याची त्रिज्या सु. १,७५० मी. असते. अशा वळणावर ताशी १०० किमी. वेगासाठी रूळ सु. ७९ मिमी. उचलावा लागेल. प्रत्यक्षात त्याच मार्गावरून संथ मालगाड्याही जात असल्याने, आतील रुळावर फार भार येऊ नये म्हणून उंची काहीशी कमी ठेवतात.

सरळ मार्ग या वर्तुळाला नुसता स्पर्शरेषेने जोडला, तर नकाशावर कोपरा दिसत नाही. तथापि गाडीचा आडवा प्रवेग सांध्यापाशी शून्यावरून एकदम सु. ०.४४ मी. प्रति सेकंद प्रति सेकंद होईल. शिवाय रूळ एका जागी एकदम ७९ मिमी. उंच करता येणार नाही. यासाठी मध्ये संक्रमण वक्र घालतात. त्यात वक्रता व उंची दोन्ही शून्यापासून एकसारख्या वाढत जातात. उंचीतील वाढ सेकंदाला सु. ३५ मिमी. ठेवणे इष्ट मानतात. त्यावरून वरील वळणासाठी सु. ६३ मी. लांबीचा संक्रमण वक्र लागतो. तो सामावून घेण्यासाठी मूळ वर्तुळ आतल्या बाजूस सु. ९ सेंमी. सरकवावे लागते. शेकडो मीटर लांबीच्या वळणात नऊ सेंटिमीटरांचा फरक डोळ्याला कळत नाही. परंतु गाडीला बसणारा हिसका व रुळाची झीज यांतील फरक त्यावर अवलंबून असतो.

वक्रता लांबीच्या प्रमाणात वाढवणाऱ्या वक्राचा अभ्यास ऑयलर यांनी अठराव्या शतकात केला होता. त्याला क्लोथॉइड म्हणतात. १८१८ च्या सुमारास फ्रेनेल यांच्या प्रकाशाच्या विवर्तनावरील संशोधनात तीच समाकले आढळली. रूळमार्गासाठी इंग्लंडमध्ये फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्याच्याशी जवळपास जुळणारा घन अन्वस्त सुचवला. अमेरिकेत टॅल्बट यांनी १८९० नंतरच्या दशकात संक्रमण वक्राची कोष्टके केली. आखणीस सोपा असल्याने भारतीय रेल्वेत घन अन्वस्तच रूढ आहे.

वळणाची परीक्षा दोरीने करण्याची पद्धत विशेष लक्षणीय आहे. २० मी. लांबीची दोरी रुळाच्या दोन बिंदूंमध्ये ताणतात व तिच्या मध्यापासून रुळापर्यंतचे अंतर मोजतात. मग १० मी. पुढे सरकून तेच पुन्हा करतात. भारतीय ज्योतिषात जीवा व चाप यांमधील याच अंतराला शर म्हणत. सरळ मार्गावर शर शून्य येतो व वरील वर्तुळावर सर्वत्र सु. २९ मिमी. येतो. संक्रमण वक्रावर तो दर टप्प्याला सु. ४.५ मिमी. इतका वाढत गेला पाहिजे. शर एकाएकी वरखाली झाले, तर रूळ जागचा हलला आहे असे समजून तो सरकवतात. आर्यभटांच्या फरकांच्या ओळीत चुकीचा आकडा ज्या रीतीने उघडा पडतो, त्याच रीतीने येथे रुळाचा दोष उघडा पडतो.

रस्ते : मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग (लांबी ७०१ किमी.) जिल्ह्यातील जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. नागपूर–शिर्डी हा ५२० किमी. चा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सपाट प्रदेशात या मार्गाची आखणी ताशी १५० किमी. वेग धरून केली आहे. मोटारगाड्यांना १२० किमी. वेगाची परवानगी आहे. ताशी १२० किमी. वेगाने १,००० मी. त्रिज्येच्या वळणावर आडवा प्रवेग सु. १.१ मी. प्रति सेकंद प्रति सेकंद, म्हणजे गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. एक-नवमांश होतो. हा प्रवेग वेगाच्या वर्गाने वाढतो. जुन्या गाडीवाटेवरील बैलगाडीला जे वळण सुरक्षित होते, ते म्हणूनच वेगवान वाहनाला घातक ठरू शकते.

रस्त्यावर रूळ नसल्याने वळणाचा दोष चालकाच्या हातावर येतो. स्टिअरिंग चाक एकसारख्या गतीने फिरवले व वेग कायम ठेवला, तर वाहन साधारणतः क्लोथॉइडवरून जाते. रस्ता एकदम वर्तुळात शिरत असेल, तर चाक एका क्षणात फिरवणे अशक्य असल्याने चालक स्वतःचा संक्रमण वक्र तयार करतो आणि तेवढ्यात वाहन आपली मार्गिका सोडू शकते. चढ-उताराच्या सांध्यांवरही हाच विचार करतात. तेथे अन्वस्त वापरतात, कारण त्यात चढाचे प्रमाण एकसारखे बदलत जाते. वाहन उसळत नाही व माथ्यापलीकडील रस्ता पुरेसा आधी दिसतो.

आरेखन : नौका व विमाने यांचे आराखडे काढताना पूर्वी लवचिक लाकडी पट्टी ठरावीक बिंदूंपाशी वजनांनी धरून तिच्या कडेने रेषा ओढत. पट्टी आपोआप कमीत कमी वाकते व तिची वक्रता सांध्यावर तुटत नाही. शोएनबर्ग यांनी १९४६ मध्ये या कल्पनेला खंडशः बहुपदींचे गणिती रूप दिले. पुढे फ्रान्समधील मोटार उद्योगात द कास्तेल्झो व बेझिए यांनी संगणकासाठी वक्ररचनेच्या पद्धती बसवल्या. संगणकावरील अक्षरांचे आकार आज अशाच खंडशः वक्रांनी साठवतात. लेखणीच्या वळणाची जुनी अपेक्षा त्यांत सांध्यांवरील अटींच्या रूपाने मांडलेली असते.

गणितात सर्व पायऱ्यांवर गुळगुळीत असा वक्र रचता येत असला, तरी रूळ व रस्ता यांसाठी तितक्या कडकपणाची गरज पडत नाही. वाहनाची लांबी व स्प्रिंगा सूक्ष्म भेद सामावून घेतात. दुसऱ्या पायरीवरील खंड मात्र त्या सामावून घेऊ शकत नाहीत. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, रहदारीच्या भाराने रूळ व भराव सरकतात आणि आखताना गुळगुळीत असलेला वक्र वापराने तसा राहत नाही. गणितातील वक्राला व्याख्या एकदाच लावावी लागते. जमिनीवरील वक्राला ती पुनःपुन्हा मोजून लावावी लागते.